बी.एस्सी. झालेल्या आपल्या पोरांना जेटीवर जागा द्या



बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोटी बांधलेल्या. कोणी जाळी शिवायला काढलीत, कोणाचं इंजिन उघडून पडलंय, कोणी रंगाचा हिशेब घालतोय. ह्याच दिवसांत घरोघरी आणखी एक काम चालू असतं, मुलांच्या ॲडमिशनचं. सोसायटीच्या ऑफिसात सध्या डिझेलचे कागद घेऊन येणाऱ्यांपेक्षा "मुलाच्या स्कॉलरशिपसाठी एक पत्र द्या" म्हणून येणारे जास्त आहेत. पत्र लिहिताना मी विचारतो, काय घेतलंय? बऱ्याच जणांचं उत्तर एकच असतं, सायन्स, बायोलॉजी. पुढे काय म्हणून विचारलं की आवाज खाली येतो. "नीट दिली होती. लागली नाही. आता बी.एस्सी.ला घालतो, मग बघू."

त्या "बघू"बद्दल आज लिहितोय. थोडं लांब झालंय, पण बंदीत वेळ आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ते ठराव म्हणून येणार आहे.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय. बायोलॉजी घेतली म्हणजे डॉक्टर व्हायचं. डॉक्टर झाला नाही तर पोरगं वाया गेलं. मग ते तीन वर्षं कॉलेजात जातं, पास होतं, आणि घरी आल्यावर आपणच शेजाऱ्याला सांगतो, "कसलंसं झूलॉजी केलंय, त्याला नोकरी कुठे?" ते पोर ऐकत असतं. मग ते हॉटेलच्या रिसेप्शनवर जातं, नाहीतर जहाजावर जायचे कागद करतं. त्यात वाईट काही नाही, कष्टाची भाकर आहे. पण जे शिकलं ते ज्या धंद्यात सगळ्यात जास्त कामाला आलं असतं, तो धंदा त्याच्या घरचाच होता, आणि हे आपण त्याला कधी सांगितलंच नाही.

एक घडलेली गोष्ट सांगतो. दोन सीझनमागे, ऑक्टोबरात, आपल्या एका सभासदाची बोट बांगडे भरून येत होती. वाटेत इंजिन बिघडलं. दुसऱ्या बोटीने ओढून आणेपर्यंत पाच-सहा तास जास्त गेले आणि बर्फ कमी पडला. तरी माल दिसायला ठीक होता. एजंटाने सॅम्पल नेलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, एक्सपोर्टला चालणार नाही, हिस्टामिन जास्त आहे. भाव अर्ध्यावर आला. मालक भडकला. "वास नाही, डोळा पडलेला नाही, हे कसलं हिस्टामिन? भाव पाडायचं निमित्त!" मी सेक्रेटरी, पण मलाही काही सांगता येईना.

तेव्हा ऑफिसात आपल्याच एका होडीवाल्याची मुलगी बसली होती. बी.एस्सी. झूलॉजी करून घरी होती म्हणून मी तिला जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायला बोलावलं होतं. ती हळूच म्हणाली, "काका, तो खोटं बोलत नसेल." मग तिने समजावलं. बांगडा, कुपा, तारला ह्या मासळीच्या मांसात हिस्टिडिन नावाचा पदार्थ मुळातच जास्त असतो. मासा मेल्यावर गरम राहिला की जंतू वाढतात आणि त्याचं हिस्टामिन करतात. ते वासाने कळत नाही, दिसत नाही, आणि एकदा तयार झालं की शिजवून किंवा तळूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, उलट्या होतात. म्हणून बाहेरचे देश ते मोजतात. उपाय एकच, मासा बोटीवर आल्याआल्या बर्फात. किलोला किलो बर्फ, एक थर बर्फाचा, एक थर मासळीचा.

मालक गप्प झाला. त्या सीझनपासून त्याच्या बोटीवर बर्फ मोजून चढतो.

ती मुलगी आज एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कंपनीच्या बसने जाते, शिफ्ट असते, पगार वेळेवर येतो. घराला आधार झाला, मला आनंदच आहे. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. तीन महिने ती आपल्या ऑफिसात होती आणि मी तिच्याकडून फक्त टायपिंग करून घेतलं. तिच्याकडे काय आहे ते मला त्या एका दिवशी कळलं, तेही योगायोगाने.

आता तुम्ही म्हणाल, एक हिस्टामिन झालं, बाकी बायोलॉजीचा आपल्याशी काय संबंध? मी गेल्या काही वर्षांतलीच उदाहरणं देतो.

२०१८ च्या जुलैत गोव्यात फॉर्मेलिनचा गवगवा झाला. बाहेरून येणारी मासळी सरकारने काही दिवस बंद ठेवली. आपल्या बोटी तर तेव्हा बंदीमुळे किनाऱ्यावरच होत्या. तरी गिऱ्हाईक सगळ्याच मासळीकडे संशयाने बघायला लागलं. मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांना विचारा, काय काय ऐकून घ्यावं लागलं ते. कागदी पट्टी लावून फॉर्मेलिन तपासायचं किट कोचीच्या सी.आय.एफ.टी. ह्या केंद्रीय संस्थेने त्याच वर्षी आणलं होतं. ते वापरून बाजारात उभं राहून "या, बघा, आमची मासळी साफ आहे" असं दाखवणारं आपलं एक माणूस आपल्याकडे नव्हतं.

२०१९ पासून अमेरिका भारतातली दर्यात पकडलेली सुंगटं घेत नाही. कारण काय, तर ट्रॉलरच्या जाळ्यात कासव सापडलं तर त्याला सुटायला वाट नाही. ती वाट ठेवणारं साधन, टी.ई.डी., आपल्याच देशात सी.आय.एफ.टी.ने तयार केलंय. पण ते कसं बसवायचं, त्याने किती माल सुटतो, किती राहतो, हे बोटीवर जाऊन मोजून दाखवणारा कोणी आपल्यातला नसेल तर आपण नुसतं "सगळी सुंगटं निसटतील" म्हणून हात वर करतो. खरंच किती निसटतात, हे आपण मोजलंय का?

लहान मासळीचंच घ्या. केरळने २०१५ पासून मासळीचं किमान माप ठरवलं. बांगडा १४ सेंटिमीटर, तारला १० सेंटिमीटर, त्याहून लहान पकडायचा नाही. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तसा नियम केला. आपल्याकडेही ही चर्चा येणार, आज नाही तर उद्या. तेव्हा बैठकीत आपण काय बोलणार? "आमच्या बापजाद्यांपासून आम्ही पकडतो" एवढंच बोललो तर कोणी ऐकणार नाही. "आमच्या जेटीवर गेल्या तीन सीझनला अमुक महिन्यात अमुक मापाचे बांगडे आले, त्यांतले इतके गाभोळीचे होते" असं वहीतून वाचून दाखवलं तर समोरच्या साहेबाला ऐकावंच लागेल.

आणि रोजचं म्हणाल तर, मोबाईलवर मासळी कुठे मिळेल त्याची सूचना येते ना? ती हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून येते. उपग्रहावरून दर्याच्या वरच्या पाण्याचं तापमान आणि पाण्यातल्या हिरव्या सूक्ष्म वनस्पतींचं प्रमाण बघून ते जागा सांगतात. जिथे ती हिरवळ तिथे बारीक जीव, जिथे बारीक जीव तिथे तारले-बांगडे. हे आपला तांडेल पाण्याचा रंग आणि पाखरं बघून ओळखतो. कॉलेजातलं पोर तेच पुस्तकातून शिकतं. दोघांना एका जागी बसवायचं काम आपलं.

आता मुलांच्या वाटांबद्दल. मी स्वतः बारावीपर्यंतच शिकलोय, पण सेक्रेटरी म्हणून ह्या ऑफिसांत जाणं-येणं असतं, जाहिराती वाचनात येतात. जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट बारावीच्या मुलांसाठी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. बी.एस्सी. झूलॉजी आणि बी.एफ.एस्सी. ह्या दोन वेगळ्या डिग्र्या आहेत. बी.एफ.एस्सी. म्हणजे मत्स्यविज्ञान, चार वर्षांचा धंदेवाईक कोर्स. त्यात मत्स्यपालन, जाळी, प्रक्रिया, रोग, सगळं येतं. आपल्याला जवळची दोन कॉलेजं, रत्नागिरीजवळ शिरगावचं, जे १९८१ साली सुरू झालं, आणि मंगळूरचं, जे १९६९ चं आहे आणि देशातलं ह्या विषयाचं पहिलं कॉलेज आहे. देशपातळीवरच्या काही जागा सी.यू.ई.टी. परीक्षेतून भरतात. पुढे मत्स्यविज्ञानात एम.एफ.एस्सी. करायचं असेल, मुंबईत वर्सोव्याच्या सी.आय.एफ.ई.मध्ये जायचं असेल, तर बहुतेक विषयांना बी.एफ.एस्सी.च मागतात. बी.एस्सी. झाल्यावर हे कळलं तर मागे जाता येत नाही. आपल्याकडे दरवर्षी हेच होतं, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ज्याला दर्याच्याच कामात राहायचंय, त्याने नीटच्या फॉर्मबरोबर हाही फॉर्म भरावा. नीट लागली नाही म्हणून उरलेलं काहीतरी घेतलं, असं नको. हीसुद्धा स्वतःची एक वाट आहे.

ज्याला पुस्तकापेक्षा बोट आवडते त्याच्यासाठी कोचीचं सिफनेट आहे. तिथे बारावीनंतर बी.एफ.एस्सी. नॉटिकल सायन्स होतं. दहावीनंतर दोन वर्षांचे व्हेसल नेव्हिगेटर आणि मरीन फिटर हे कोर्सही आहेत. बोटमालकांच्या मुलांनी हे जरूर बघावं.

आता ज्यांचं बी.एस्सी. झालंय किंवा होत आलंय त्यांच्यासाठी.

एक वाट पुढे शिकण्याची. गोवा विद्यापीठात झूलॉजी, मरीन सायन्स, मरीन बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी यांत एम.एस्सी. होतं. एम.एस्सी. करून सी.एस.आय.आर.ची नेट परीक्षा लाइफ सायन्सेसमधून दिली आणि जे.आर.एफ. मिळाली तर पीएच.डी. करताना महिना ३७,००० रुपये मिळतात, २०२३ पासून हा आकडा आहे. दोना पावलाला एन.आय.ओ. आहे, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. एम.एस्सी.ची मुलं तिथे प्रोजेक्ट करायला जाऊ शकतात. आपल्या जेटीवरून दिसेल एवढ्या अंतरावर देशातली मोठी संस्था आहे, आणि आपली किती मुलं आत जाऊन आली? मात्र एक सांगून ठेवतो, तिथली प्रोजेक्टची कामं मुदतीची असतात. प्रोजेक्ट संपला की काम संपतं. आणि पीएच.डी. ही पाच-सहा वर्षांची गोष्ट आहे. घरच्यांनी तेवढा धीर धरायची तयारी ठेवावी.

दुसरी वाट सरकारी मत्स्य कामाची. राज्याचं मत्स्य खातं, मुरगावला फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचा तळ, कारवारला सी.एम.एफ.आर.आय.चं केंद्र, जुन्या गोव्याला आय.सी.ए.आर.ची किनारी कृषी संशोधन संस्था. शिवाय २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सागर मित्र नावाचं काम आहे, देशभरात ३,४७७ सागर मित्रांचं उद्दिष्ट होतं. किनाऱ्यावरच्या गावात राहून मच्छीमार आणि खातं यांच्यामध्ये दुवा व्हायचं. फिशरीज, मरीन बायोलॉजी, झूलॉजी शिकलेल्यांना त्यात पहिलं घेतात. काम मानधनावर आहे, कायम नाही. पण पहिल्या पायरीला चांगलं. सरकारी जागा थोड्या निघतात, मध्ये वर्षं जातात, आणि प्रत्येक जाहिरातीत शिक्षणाची अट वेगळी असते. म्हणून जाहिरात शब्दन् शब्द वाचा, नाहीतर ऑफिसात घेऊन या, आपण मिळून वाचू.

तिसरी वाट मासळीच्या दर्जाची. मासळी एक्सपोर्ट करणाऱ्या प्रत्येक कारखान्यात लॅब लागते, क्वालिटीवाला माणूस लागतो. हिस्टामिन, जंतू, बर्फाचं पाणी, शीतसाखळी हे बघायचं काम. मायक्रोबायोलॉजी किंवा झूलॉजीवाल्याने हॅसेपचं प्रशिक्षण घेतलं तर इथे दार उघडतं. कोचीला मुख्यालय असलेली एम्पेडा, १९७२ पासून, ह्याच एक्सपोर्टचं बघते. युरोपला माल पाठवायचा तर कुठल्या बोटीने, कुठल्या जाळ्याने पकडला त्याचा कॅच सर्टिफिकेट लागतो, २०१० पासून. हे कागद समजणारा माणूस ज्या गटाकडे असेल त्याचा माल अडत नाही.

चौथी वाट पालनाची. सुंगटांची हॅचरी, खाजणातलं मत्स्यपालन, दर्यातले पिंजरे, शिनाण्यांची दोरीवरची शेती. कारवारला सी.एम.एफ.आर.आय.ने पिंजऱ्यात मोदसो वगैरे मासे वाढवून दाखवलेत. मोठ्या हॅचरी मात्र आंध्र आणि तामिळनाडूत आहेत. सुरुवातीला दोन वर्षं घर सोडून जावं लागेल. जो जाईल तो हात साफ करून येईल आणि मग इथल्या खाजणात स्वतःचं काही उभं करू शकेल. मीठ कमी-जास्त झालं तर काय, पाण्यातला प्राणवायू पहाटे का पडतो, हे न कळता पैसे घातलेले आणि बुडालेले आपण बघितलेत.

आणि दर्याबाहेरच्याही वाटा आहेत, त्याही सांगायला हव्यात. औषध कंपन्यांच्या लॅब, डी.एम.एल.टी. करून हॉस्पिटलची लॅब, बी.एड. करून शाळेत विज्ञान शिकवणं, वन खातं, पर्यावरणाचा अभ्यास करून देणाऱ्या कंपन्या. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात, तिथे राखणीचं आणि माहिती द्यायचं काम असतं. ज्याला जे जमेल ते करावं. मी कोणाला "दर्याच धर" म्हणत नाही.

एवढं सगळं लिहून प्रामाणिकपणे सांगतो, ह्यांतली कुठलीच वाट "डिग्री घेतली आणि नोकरी लागली" अशी सरळ नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, अनुभव काय? आणि बोटमालकाच्या पोराकडे, मासळीवालीच्या पोरीकडे दाखवायला कागद नसतो. जन्मभर मासळीत वाढलेलं मूल मुलाखतीत "अनुभव नाही" म्हणून परत येतं. ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. आणि हे बदलणं सरकारच्या नाही, आपल्या हातात आहे.

म्हणून ठराव असा आहे. ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत, दहा महिने, सोसायटीने सभासदांच्या घरातला एक बायोलॉजीवाला पदवीधर, मुलगा किंवा मुलगी, जेटीवर कामाला घ्यावा. महिना १५,००० रुपये. काम असं: रोज सकाळी उतरलेल्या मासळीची नोंद, कुठली बोट, किती तास, कुठलं जाळं, कुठली मासळी किती किलो. आठवड्यातून एकदा बांगडे-तारले मोजपट्टीवर धरून माप आणि गाभोळी आहे का ते बघणं. बर्फाची आणि मासळीच्या तापमानाची नोंद. इन्कॉइसची सूचना वाचून तांडेलांना सांगणं. कासव, व्हेल शार्क असं संरक्षित काही जाळ्यात आलं तर कसं सोडायचं ते दाखवणं. आणि दुपारी ऑफिसात योजनांचे फॉर्म भरायला मदत. वर्षाच्या शेवटी सोसायटीच्या सही-शिक्क्याचा अनुभवाचा दाखला.

खर्च १५,००० गुणिले १०, म्हणजे दीड लाख. आपल्या ६० बोटी. बोटीमागे सीझनला २,५०० रुपये. आजच्या भावाने त्यात तीस लिटर डिझेलही येत नाही. अर्धा खर्च सोसायटीच्या नफ्यातून काढता आला तर बोटीमागे आणखी कमी. हिस्टामिनमुळे त्या एका बोटीचं एका दिवसात जे नुकसान झालं, ते ह्याच्या कितीतरी पट होतं.

ठरावाची कुणकुण लागल्यावर काही सभासद भेटून बोलले. त्यांचं म्हणणं इथेच मांडतो, पाठीमागे बोलायला नको.

पहिलं म्हणणं, आकडे लिहून ठेवले तर सरकार त्यावरून बंधनं आणेल. ही भीती मला कळते. पण एक लक्षात घ्या, आकडे आजही निघतात. सी.एम.एफ.आर.आय.ची माणसं देशभरच्या बंदरांवर ठरावीक दिवशी येऊन काही बोटींची मासळी बघतात आणि त्यावरून सगळ्या किनाऱ्याचा अंदाज काढतात. नियम त्या अंदाजावरून होतात. आपण आपली वही ठेवली नाही म्हणून नियम थांबत नाही, फक्त त्या नियमात आपलं म्हणणं नसतं. वही सोसायटीची राहील. बाहेर द्यायची वेळ आली तर बोटीचं नाव न घालता, सभेच्या परवानगीने. ठरावात तसं लिहिलंय.

दुसरं म्हणणं, मुलगी असली तर पहाटे जेटीवर कशी येणार? ह्यावर मी फार बोलत नाही. आपल्या आया आणि आज्या पहाटे पाटी डोक्यावर घेऊन ह्याच जेटीवर आल्या, लिलावात बोली लावल्या, आणि त्याच पैशांवर आपण शाळा शिकलो. त्यांच्या नातीने हातात वही घेऊन यायला कसली अडचण? दिवा, बसायला जागा आणि बाथरूम नीट करणं हे काम सोसायटीचं, आणि ते तसंही करायलाच हवं.

तिसरं म्हणणं, शिकवून तयार करू आणि चार महिन्यांनी चांगली नोकरी मिळाली की सोडून जाईल. जाऊ दे. त्यासाठीच तर दाखला देतोय. एक गेला तर दुसरा येईल, वही तीच चालू राहील. उद्या आपलं एखादं मूल मत्स्य खात्यात नाहीतर एन.आय.ओ.त बसलं असेल आणि आपण काही विचारायला गेलो, तर खुर्चीत बसलेल्याला जेटी माहीत असेल. आज आपण ऑफिसात जातो तेव्हा समोरच्याला तारला आणि पेडवा यांतला फरक समजावण्यापासून सुरुवात होते.

चौथं एक म्हणणं आहे, ते कोणी उघड बोललं नाही, पण मला ठाऊक आहे. पोरगा शिकला तर बोट कोण बघणार? अहो, आज बोटीवर आपली मुलं कुठे आहेत? खलाशी ओडिशाचे, झारखंडचे, कर्नाटकातले. मालक किनाऱ्यावरूनच धंदा बघतो. मग किनाऱ्यावरून बघणारा जर मासळी, बर्फ, एक्सपोर्ट आणि कायदा समजणारा असला, तर बोट जास्त चांगली चालेल की कमी?

मी स्वतः बारावीनंतर सोडलं. तेव्हा घरची बोट होती, आणि पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. तक्रार नाही. पण पंचवीस वर्षांनंतरही आपल्या मुलांना "बघू" एवढंच उत्तर मिळावं, हे मला पटत नाही.

तर तीन गोष्टी करा. घरी बारावीचं मूल असेल तर आजच त्याच्याशी बी.एफ.एस्सी. आणि बी.एस्सी.मधला फरक बोला. बी.एस्सी. झालेलं मूल घरी असेल तर त्याला घेऊन ऑफिसात या, सकाळी दहा ते एक मी असतो, एका वहीत नाव, विषय आणि वर्ष लिहून ठेवतोय, म्हणजे जाहिरात आली की निरोप देता येईल. आणि सर्वसाधारण सभेला या. ठरावाच्या विरोधात असाल तरी या आणि उभं राहून बोला. पण एक विनंती, येताना त्या मुलालाही बरोबर आणा, आणि जे बोलायचं ते त्याच्यासमोर बोला.

१ ऑगस्टला बोटी सुटतील, नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊ. तोवर जेटीवर एक टेबल, एक मोजपट्टी आणि एक वही मांडायची की नाही, ते तुमच्या हातात आहे.

कळावे,
आपला सचिव